माझ्या जन्माचे प्रतिज्ञापत्र

हे लिहायला बसलो आहे खरा, पण आधी वाचकांची क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी लिहिलेले नाही. आजोबांचा एकदा कुठल्याशा कागदावर अंगठा घेतला होता. तो कागद कशाचा होता हे त्यांना मरेपर्यंत कळले नाही. लेखनाशी आमचा संबंध तेवढाच. मी आज बी.ए.च्या वर्गात बसतो, तरी चार ओळी लिहिल्या की त्यांतल्या दोन खोडतो, आणि उरलेल्या दोन वाचून मला वाटते की हे सांगायचा अधिकार मला कोणी दिला? आठवणी लिहिण्याइतके माझे वयही नाही. पण एका उन्हाळ्यात मी सोलापुरात दोन वडीलधाऱ्या माणसांना समोरासमोर बसून एक कागद करताना पाहिले. खरे म्हणजे पाहिले कमी, ऐकले जास्त. ते कुठेतरी लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात आहे. लिहिताना चुकले तर ती चूक माझी. त्या दोघांनी काही चुकीचे केले नाही.

त्या वर्षी पुण्याच्या कॉलेजातले पहिले वर्ष संपवून मी घरी आलो होतो. आमचे घर म्हणजे पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत आम्ही. आबा, म्हणजे माझे वडील, सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत ते दिवे लागेपर्यंत. मी पुढे शिकणार की नाही हे त्या उन्हाळ्यात एकाच गोष्टीवर अवलंबून होते. विणकरांच्या मुलांसाठी पुण्यातली एक समिती शिष्यवृत्ती देत असे. ती मिळाली तर मी इंटरला बसणार होतो. नाही मिळाली तर भिंतीकडचा दुसरा माग, जो चुलते वारल्यापासून रिकामा होता, तो माझी वाट पाहत होता.

अर्जाच्या छापील कागदावर एक अट होती. अर्जदाराचे वय वीस वर्षांहून अधिक नसावे. जन्माची सरकारी नोंद जोडावी. नोंद नसल्यास वडिलांनी नोटरी पब्लिक किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर शपथेवर केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे मला एकोणीस पुरी होती, त्यामुळे मला काळजी वाटली नाही. म्युनिसिपालिटीत गेलो. तिथल्या कारकुनाने जाडजूड वही उलटीपालटी करून सांगितले, "नाव नाही. जन्म कुठला?"

"प्लेगातला. गावाबाहेरच्या झोपड्यांतला."

"मग कसं असेल? त्या साली मेलेल्यांची नोंद झाली तेवढी पुष्कळ."

म्हणून मी कोर्टाच्या आवारात गेलो. तिथे लिंबाच्या सावलीत उतरती मेजे पुढे घेऊन अर्ज लिहिणारे ओळीने बसत. त्यांतल्या एकाने तपकीर ओढता ओढता माझा शाळेचा दाखला पाहिला, त्यावरची जन्मतारीख उतरवून घेतली आणि भराभर लिहिले, 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझा मुलगा अमुक तारखेस जन्मला, हे मला स्वतःच्या माहितीने ठाऊक आहे.' खाली सहीसाठी जागा सोडली. मी त्याचीच लेखणी घेतली आणि तिथल्या तिथे आबांची सही केली.

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर वाचकांना मी लबाड वाटेन. मराठी चौथीत असल्यापासून आबांची सही मीच करत आलो होतो. पोस्टमनच्या कागदावर, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, कुठेही नाव लिहायचे असले की आबा मला हाक मारत. मी थोडे तिरके अक्षर काढून त्यांचे नाव लिहीत असे, म्हणजे ते मोठ्या माणसाचे वाटे. आबा ते लांब धरून पाहत आणि म्हणत, "झ्याक." आमच्या गल्लीत ज्या ज्या घरी एखादा मुलगा शिकला त्या त्या घरी हेच चाले. घरात एकाला अक्षर आले की ते सगळ्या घराचे झाले, असे आम्ही धरून चालत होतो. यात काही वावगे आहे हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि पुण्यालाही कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाले नव्हते.

नोटरी म्हणून नेमलेले वकील गावात एकच आहेत असे मला समजले. मिलवाल्यांच्या परगावच्या हुंड्या आणि मोठ्या व्यापाऱ्यांचे कागद त्यांच्याकडे जात. लोक त्यांना शिक्केवाले वकील म्हणत. त्यांची कचेरी कोर्टामागच्या बोळात होती. पुढे पडवी, पडवीत एक बाक, आत एक खोली. दाराशी त्यांचा कारकून बसलेला होता.

"काय पाहिजे?"

"शिक्का."

"शिक्का म्हणजे काय तव्यावरची भाकरी आहे, आला की वाढली? बस."

बऱ्याच वेळाने आत बोलावले. वकीलसाहेब वयस्क मुसलमान गृहस्थ होते. पांढरी दाढी, वैशाखाच्या उन्हातही अंगात काळा कोट, आणि मराठी इतके स्वच्छ की मी माझे वाक्य बोलण्याआधी मनात जुळवून घेतले. त्यांनी माझा कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, ओठ हलवत, सावकाश वाचला. एवढ्या लहान कागदाला इतका वेळ कशाला लागतो ते मला कळेना. मग त्यांनी सहीवर बोट ठेवले.

"ही कोणाची?"

"माझ्या वडिलांची."

"ते कुठे आहेत?"

"घरी. मागावर."

"आणि सही कुठे झाली?"

मी म्हणालो, "इथेच, कोर्टाच्या आवारात."

"म्हणजे वडील मागावर बसले होते आणि त्यांची सही एकटीच कोर्टाच्या आवारात फिरत होती."

दाराशी कारकून खोकल्यासारखे हसला.  मी सांगू लागलो की आमच्याकडे अशीच पद्धत आहे, त्यांना लिहिता येत नाही, त्यांची हरकत नसते. वकीलसाहेबांनी ते सगळे ऐकून घेतले.

"तुम्ही सरळ सांगितलंत," ते म्हणाले, "म्हणून समजावतो. बसा."

मला 'तुम्ही' म्हणणारे ते सोलापुरातले पहिले माणूस. कॉलेजात प्रोफेसर म्हणतात, पण ते सगळ्यांनाच म्हणतात.

"इथे लिहिलंय, मी शपथेवर सांगतो. हा मी म्हणजे कोण? तुम्ही नाही. तुमचे वडील. मग शपथ त्यांच्या तोंडून निघायला हवी, आणि ती माझ्या कानांनी ऐकायला हवी. माझ्या शिक्क्याचा अर्थ एवढाच असतो की हा माणूस माझ्यासमोर आला, मी तो कोण आहे याची खात्री करून घेतली, आणि तो हे बोलला. वडिलांना न पाहता मी शिक्का मारला, तर खोटं कोण बोललं? तुम्ही नाही बेटा. मी."

त्यांनी माझ्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली, आणि एका जाड नोंदवहीत असा असा कागद आला व परत केला असे लिहून ठेवले. न केलेल्या कामाचीही नोंद ठेवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. कारकून फीबद्दल काही पुटपुटला, तेव्हा ते म्हणाले, "केलंय काय आपण, की घ्यायचं?" इतक्यात त्यांच्या नमाजाची वेळ झाली. शिक्का मेजावरच होता. ते उठले, शिक्का लोखंडी पेटीत ठेवला, कुलूप घातले, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि मग आत गेले. खोलीत आम्ही दोघेच होतो, मी आणि तीस वर्षांपासून त्यांच्याकडे असलेला कारकून. तरीही.

बाहेर आलो तर तो तपकिरीवाला लिंबाखाली माझीच वाट पाहत होता.

"न्हाय ना मारला? म्हातारा तसलाच हाय. वडील पायजेत म्हणला असंल."

"होय."

"मग त्यात काय? त्या तिकडं झाडाखाली दोन-तीन वडील बसल्यात. पान-तमाखूवर येतात. एकाला धर, तिकडं मॅजिस्ट्रेट सायबापुढं हुबा कर. तुझ्या वडिलांपेक्षा चांगलं बोलंल."

मी तिकडे पाहिले. खरोखरच तिघे जण तंबाखू मळत बसले होते. कोणाचीही ओळख पटवायला, कोणाचाही चुलता व्हायला ते तयार असत. त्यांतल्या एका पटकेवाल्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिले की मी घाबरून निघालो. पण खरे सांगतो, बोळाच्या वळणापर्यंत तो विचार माझ्याबरोबर चालत होता.

आबांना सांगितले तेव्हा त्यांनी सुतातून पळणारा धोटा थांबवला नाही.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणत्यात. आपण शहाणे हाय का न्हाय?"

"कोर्ट नाही आबा. वकिलांची कचेरी आहे. फक्त शपथेवर सांगायचं, मी कधी जन्मलो ते."

तेव्हा धोटा थांबला.

"शपथ? बेलभंडार उचलायचा?"

शपथ म्हणजे आमच्या जातीत दुसरे काही नव्हते. पंचांसमोर बेलाचे पान आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन बोलायचे. आबांनी उभ्या आयुष्यात तो एकदाच उचललेला पाहिला होता, त्यांच्या मामांनी, एका सामाईक भिंतीच्या तंट्यात. मामा खरे बोलले होते, तरी त्यानंतर महिनाभर त्यांना अन्न गोड लागले नाही, असे आबा सांगत.

मी म्हणालो, "तसलं काही नाही. नुसतं तोंडानं म्हणायचं."

"नुसतं तोंडानं?" आबांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू पुण्यात जाऊन मी हेच शिकून आलो.

तीन दिवस ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मागावर एका लग्नाचे लुगडे होते, ते त्यांनी उतरवले. अर्ज पोचवायची मुदत जवळ येत होती आणि मी घरात मुक्यासारखा फिरत होतो. चौथ्या दिवशी पहाटे उठलो तेव्हा आबा नव्हते. उन्हे चढायच्या आत परत आले. जवळच्या बाळे गावच्या खंडोबाला चालत जाऊन आले होते. आंघोळ केली, धुतलेले धोतर नेसले, आईने भाकरी पुढे केली ती बाजूला सारली. उपरण्याच्या टोकाला एक गाठ होती आणि गाठीतून पिवळे दिसत होते.

"चल," ते म्हणाले. "खोटं बोलायचं न्हाय तर भ्याचं काय?"

मला फार आनंद झाला. त्या वेळी मला एवढेच दिसत होते की आता शिक्का मिळणार.

कचेरीत वकीलसाहेबांनी आबांना खुर्ची दिली. आबा खुर्चीत बसले नाहीत. मग वकीलसाहेबच म्हणाले, "बसा आबा, तुम्ही उभे तर मला उभं राहावं लागेल," तेव्हा टेकले. पहिली अडचण निराळीच निघाली. हेच माझे वडील हे कशावरून?

मी म्हणालो, "मी सांगतो ना."

"तुमचं यात हित आहे. तुमचं सांगणं चालणार नाही. मला ओळखणारा आणि यांनाही ओळखणारा कोणी हवा."

असा माणूस आम्ही कुठून आणणार? वकीलसाहेबांनी थोडा विचार केला, आबांना पेठ विचारली, गल्ली विचारली, आणि कारकुनाला नाक्यावरून एका टांगेवाल्याला बोलवायला पाठवले. तो वीस वर्षे त्यांना कोर्टात पोचवत होता आणि राहायला आमच्या मागच्या गल्लीत होता. तो आला, आबांना पाहून हसला.

"इन्कू कौन नै जान्ता, साब? ह्यांच्या मागाची खटखट थांबली की माझा घोडा उठतो. त्याला वाटतं दिवस संपला."

"नाव काय यांचं? धंदा? मुलगे किती?"

त्याने सगळे सांगितले, आणि मुलगा एकच, पुण्याला शिकतो, अंगाने बारीक, हेही सांगितले. वकीलसाहेबांनी ते नोंदवहीत लिहून त्याची सही घेतली. मग माझ्याकडे वळले.

"आता तुम्ही बाहेर बसा."

"मी?"

"तुम्ही समोर असलात की ते तुमच्याकडे बघून बोलतील. मला त्यांचं बोलणं हवंय."

मी पडवीतल्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. ऐकू नये असे मनात आले, पण उठून दूर गेलो नाही.

वकीलसाहेबांनी नव्याने लिहिलेला तोच मजकूर मोठ्याने वाचला. तारीख आली तसे आबा म्हणाले, "हे कुणी सांगितलं?"

"शाळेच्या दाखल्यावर आहे."

"शाळंला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं असेल. मुलाचं नाव घालताना."

"म्या न्हाय. मास्तरनं विचारलं, पोरगं कवाचं? म्या म्हणलं, पल्याग आला तवाचं. मास्तर म्हणला, पल्याग तर सारखाच येतुया, कुठला? मग मास्तरनं पोराला म्हणलं, उजवा हात डोक्यावरनं घेऊन डावा कान धर. पोरगं हुतं काडी. हात पुरंना. मास्तर म्हणला, अजून ल्हान हाय, आणि काय तरी लिवलं."

"मग ही तारीख?"

"ती मास्तरची. माझी न्हाय."

 वकीलसाहेबांनी लेखणी खाली ठेवल्याचा आवाज आला. "आबा, मी आता तुम्हाला काही सांगणार नाही. फक्त विचारणार. माहीत असेल ते सांगा. नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात काही कमीपणा नाही. मुलगा कुठे जन्मला?"

"माळाच्या झोपड्यांत. गाव रिकामं केलं तवा."

"ऋतू कुठला?"

"थंडी हुती. लई. हुरडा सुरू हुता."

"साल आठवेल असं काही?"

वकीलसाहेबांनी घाई केली नाही.  'माहीत नाही' म्हणा, असे मी मनात म्हणत होतो. एवढे दोन शब्द म्हटले की दाखल्यावरची तारीखच उरणार होती.

"तो शेपटीचा तारा निघाला हुता की न्हाय," आबा म्हणाले, "त्येच्या आदूगर."

"म्हणजे तारा दिसला त्याच्या आधीच्या थंडीत?"

"त्या न्हाय. त्येच्याबी आदल्या. तारा निघाला तवा पोरगं चालत हुतं. पाच म्हयन्याचं पोर चालंल व्हय?"

"नाही चालणार. चालत होतं हे नक्की आठवतं?"

"न आठवायला काय झालं? पहाटं पांजणीला सूत ताणून खळ लावत हुतो बाहीर. उन्हाच्या आत आटपावं लागतं. तवा पुरवेला हे एवढं शेपूट. पोरगं उठून आलं, माझं बोट धरलं. म्या उचलून दावला त्याला. केरसुणी म्हणायचं हुतं त्येला, पण बोबडं ते. 'सुनी, सुनी' म्हणायलं."

तो धूमकेतू निघून एकोणीस वर्षे झाली हे मला पुस्तकातून ठाऊक होते; मी बाकावर बसून बोटे मोजली. पुन्हा मोजली. वीस पुरी होऊन वर काही महिने गेले होते. भिंतीकडचा तो रिकामा माग डोळ्यांपुढे आला. आणि त्याच वेळी, हे कसे सांगावे मला कळत नाही, मला दुसरेही काही वाटले. तो तारा मी पाहिला होता. आबांनी मला उचलून दाखवला होता, आणि वीस वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. कोणी कधी विचारलेच नव्हते. मी इतिहासात, भूगोलात किती प्रश्नांची उत्तरे पाठ केली, पण माझ्या बापाला मी एवढा साधा प्रश्न कधी केला नव्हता. तो एका परक्या माणसाने केला, आणि उत्तर येईपर्यंत थांबला.

वकीलसाहेबांनी नवा कागद घेतला. त्यांनी हिशोब केला नाही, वय लिहिले नाही, तारीख लिहिली नाही. आबा जे बोलले ते लिहिले. मग वाचून दाखवले आणि म्हणाले, "आता तुमच्या शब्दांत सांगा, मी काय लिहिलंय." आबांनी सांगितले. एके ठिकाणी अडले.

"माळावर न्हाय. माळाच्या कडंला. हिरीजवळ."

वकीलसाहेबांनी तेवढे खोडून दुरुस्त केले आणि दुरुस्तीशेजारी स्वतःची खूण केली. मग मला आत बोलावले.

आबांनी उपरण्याची गाठ सोडली होती. तळहातावर भंडारा आणि एक सुकत आलेले बेलाचे पान. त्यांनी विचारले, "हे घेऊन बोललं तर चालतंय न्हवं?"

मला लाज वाटली. एका मुसलमान वकिलाच्या कचेरीत, सरकारी शिक्क्यासमोर, हे काय? कारकूनही मान लांब करून बघत होता. वकीलसाहेब खुर्चीवरून उठले. टोपी नीट केली.

"कायद्याला लागत नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला लागतं, तर हातात असू द्या. मी सांगतो ते माझ्यामागे म्हणा."

आणि ते उभे राहूनच एक एक वाक्य सांगत गेले. परमेश्वराला स्मरून सांगतो, हे खरे आहे. आबा मुठीत भंडारा धरून ते म्हणत गेले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मागाच्या खटखटीवरून बोलायची सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी इतका हळू बोलत होता की कारकून पंखा हलवायचा थांबला. मी पुण्यात मोठमोठी भाषणे ऐकली आहेत. त्यांतले एकही मला आता आठवत नाही.

त्यानंतर अंगठा. शाई लावून तीन वेळा घेतला, तिन्ही वेळा नुसता डाग. सूत ओढून ओढून आबांच्या अंगठ्यावर रेषा उरल्या नव्हत्या. वकीलसाहेबांनी तो अंगठा दोन्ही हातांनी धरून उजेडात पाहिला, आणि अंगठा अस्पष्ट का आहे हेही कागदावर नमूद केले. मग आबांच्या हातात लेखणी दिली. आबांनी सहीच्या जागी धोट्याची निशाणी काढली, होडीसारखी. मी घाईने हात पुढे केला होता. वकीलसाहेबांनी तो मागे सारला. मजकूर आणि निशाणी यांच्यामध्ये जेवढी कोरी जागा होती तेवढीवर त्यांनी रेघा मारल्या, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडू नये. सगळ्यात शेवटी पेटी उघडली आणि शिक्का मारला.

कागद माझ्या हातात देताना ते म्हणाले, "हे तुमच्या वडिलांचं सांगणं आहे. पाठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यात मी नाही."

घरी परतायला आम्ही बोळातून बाहेर पडलो. मग माझ्याने राहवले नाही.

"आबा, माहीत नाही म्हणाला असता तरी चाललं असतं."

"ठाव असून?"

"वीस वर्षांची अट आहे. आता बहुतेक मिळणार नाही."

ते थांबले. अट त्यांना ठाऊक नव्हती. मी ती सांगितलीच नव्हती, कारण सांगण्याची गरज मला वाटली नव्हती. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. तळहाताचा पिवळा रंग कपाळाला लागला.

"आदी सांगायचं हुतंस," ते म्हणाले. आणि चार पावले गेल्यावर, "न्हाय. बरं झालं न्हाय सांगितलंस. आदी कळलं असतं तर लई जड गेलं असतं."

मी दोन दिवस तो कागद ट्रंकेत ठेवला. तपकिरीवाल्याचे झाड तिथेच होते, तिथले वडीलही तिथेच असणार. तिसऱ्या दिवशी, मुदत संपायच्या आत, शाळेचा दाखला आणि तो कागद दोन्ही एका लिफाफ्यात घालून पोस्टात टाकले. मी फार धैर्य केले असे वाटून घेऊ नका. पेटीत हात घातल्यावर मी लिफाफा बराच वेळ सोडला नव्हता, आणि मागे एक बाई ओरडली, "अवो, टाका की, का पत्राबरूबर जायचंय?" तेव्हा तो सुटला.

जून गेला. कॉलेज उघडले. माझ्याबरोबरची मुले पुण्याला गेली. मी आबांच्या शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरू लागलो, आणि पोस्टमन गल्लीत शिरला की दोघेही कामात डोके घालत असू. आई मात्र दारात जाऊन उभी राही. आषाढ संपता संपता एका दुपारी तिने लिफाफा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

पत्र इंग्रजीत होते आणि लहान होते. मी एकदा मनात वाचले. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ओळखले.

"न्हाय मिळाली."

"नाही."

"मग तुझं कसं?"

"बघू. पुढच्या वर्षी काही करता येईल."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. आबा मागाच्या खड्ड्यात तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "लिवलंय काय पर त्येंनी? सगळं सांग. न्हाय म्हणाले येवढंच लिवलंय?"

मी सांगू लागलो. दाखल्यावरची तारीख आणि वडिलांचे प्रतिज्ञापत्र यांचा मेळ बसत नाही. दाखल्याप्रमाणे अर्जदार पात्र आहे, प्रतिज्ञापत्राप्रमाणे नाही. समितीने दोन्ही कागद पाहिले.

"मग? कुणाचं खरं धरलं?"

"तुमचं."

 आबांच्या हातातला धोटा हातातच राहिला.

"मास्तरच्या बुकापरीस?"

"होय."

"छापील हुतं की ते."

"छापीलच होतं."

त्यांनी धोटा सुतावर ठेवला, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे सरकून बसले. "तेवढी वळ परत वाच," ते म्हणाले. "इंग्लिशमधी असंल तशी वाच, आन मग आपल्या भाषंत सांग."

मी ती ओळ इंग्रजीत वाचली आणि मग सावकाश मराठीत सांगितली: मुलाच्या जन्माविषयी वडिलांनी शपथेवर जे सांगितले आहे, ते शाळेच्या नोंदीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, असे समितीचे मत झाले आहे.